बाबांचा सतरा नंबरचा रूट

बाबा निवृत्त झाले आणि आमचं दोन खोल्यांचं घर एकदम लहान वाटायला लागलं.

माझे सासरे चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. रोजचं दहा-बारा किलोमीटर चालणं, जिने चढणं, दारं वाजवणं. असा माणूस घरात बसणार कसा? सकाळी उठून बुटात पाय घालायचे, मग कामावर जायचं नाही हे लक्षात आलं, की बूट काढायचे. त्यानंतर दिवसभर खिडकी ते दार आणि दार ते खिडकी. मधेच नळ घट्ट पिळून बघायचे, मधेच फ्रीज उघडून तसाच बंद करायचे.

"बाबा, काही हवंय का?"

"छे गं, नुसतं बघत होतो."

काय बघत होते, देव जाणे.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. काच जराशी तिरकी बसली तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, त्यामुळे दिवसभर जीव मुठीत. वाटायचं, रविवारी तरी घटकाभर निवांत बसावं. पण रविवारीच सगळ्यात जास्त डोकं फिरायचं. नवरा छापखान्यात मशीन चालवतो. त्याचंही काही दिवस बिनसलं होतं. मोबाइल घेऊन पडायचा आणि काही विचारलं की वसकन अंगावर यायचा. अकरा वर्षांच्या लेकीला तर सगळे भिंगरीच म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा.

त्या रविवारी भिंगरीने मॉलमधल्या नव्या खेळघराचं टुमणं लावलं. तिकिटं आम्हाला झेपणारी नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

"माझ्या वर्गातले सगळे जाऊन आले. आपण कधी काहीच करत नाही!"

नवरा ताडकन उठून बसला. "अरे, घरात पाच मिनिटं शांतता आहे का? ही इथे नाचतेय आणि तो तिकडे येरझाऱ्या घालतोय!"

बाबा खिडकीपाशी थांबले. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी बापाला 'तो' म्हटलं नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता. बाबांनी बूट चढवले आणि दार ओढून घेऊन निघाले. "आजोबा, थांबा!" म्हणत भिंगरी त्यांच्यामागे पळाली.

मी पाच मिनिटं भांडी आपटली. मग फळीवर बाबांचा फोन दिसला.

"ऊठ. दोघं गेलेत आणि फोन इथेच आहे."

"येतील."

"तू येतोस की मी जाऊ?"

तो आला. पण बाबांची चाल म्हणजे काय सांगू! कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने हात करून दाखवलं, "इकडे गेले." लाँड्रीवाली म्हणाली, "आत्ताच गेले." आम्ही निम्मे चालत, निम्मे पळत. शेवटी एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली दोघं सापडले. भिंगरी टाचा उंचावून मीटरच्या पेटीत डोकावत होती.

"आई, हा आजोबांचा रूट आहे. सतरा नंबरचा!"

बाबांनी आमच्याकडे नुसतं पाहिलं. "आलात? चला मग. तीनशे बारा दारं आहेत."

मला वाटलं होतं, आता नवरा सगळ्यांना घरी परत नेईल. पण मघाचा तो शब्द त्याला बोचत असावा. तो गुपचूप मागे चालू लागला.

बाबा सांगत होते आणि चालत होते, थांबणं नाहीच. ह्या घरात मीटर कपाटामागे, दर महिन्याला कपाट सरकवावं लागायचं. ह्या घरातलं कुत्रं माणूस ओळखायचं नाही, पण पिशवी ओळखायचं. इथला मालक दाराआडून स्वतःच सांगायचा, "मालक घरी नाहीत!" भिंगरी हसून हसून वाकली. मलाही हसू आवरेना.

एका तळमजल्यावर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आजींनी बाबांना हाक मारली. "अहो मीटरवाले! कुठे गायब झालात? नवीन मीटर आपलं आपण रीडिंग पाठवतं म्हणे. तरी वर्षभर तुम्ही येऊन जायचात. बरं वाटायचं."

नवऱ्याने विचारलं, "कधी बसवले नवीन मीटर?"

"वर्षाच्या वर झालं की. तुम्ही मुलगा ना यांचे? तुम्हाला माहीत नाही?"

बाबा पुढे चालू लागले. आम्ही त्यांना गाठलं.

"बाबा, वर्षभर तुम्ही काय करत होतात?"

"ऑफिसात एक टेबल दिलं होतं. टेबलावर काही नसायचं. मी म्हणायचो, जरा रूटवर जाऊन येतो. कोणी अडवायचं नाही."

"आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तू विचारायचास, आज किती चाललात. मी खरंच चाललेलो असायचो."

नवरा खिशात हात घालून मागे रेंगाळत होता. मग एकाएकी झपाझप पुढे गेला आणि बाबांच्या बरोबरीने चालू लागला. समोर बघतच म्हणाला, "आमच्याकडे नवीन मशीन येतंय. चौघांचं काम एकटं करतं. साहेबांनी सांगून तीन आठवडे झाले."

मला धक्काच बसला. तीन आठवडे शेजारी झोपतोय आणि चकार शब्द नाही!

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" मी मागून ओरडले.

"तुझी झोप उडाली असती."

"तू रात्रभर कूस बदलतोस, त्याने काय मला गाढ झोप लागते?"

बाबांनी चाल कमी केली नाही. "उद्या जाऊन विचार, त्या मशीनवर कोणाला शिकवणार आहेत. मी विचारलं नव्हतं. म्हटलं, आपल्याला आता कोण शिकवतंय. पण निदान तोंड उघडायला हवं होतं."

नवरा नुसता 'हं' म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर हलकेच म्हणाला, "बाबा, मघाशी मी..."

"पुढच्या जिन्याला कठडा नाही," बाबा म्हणाले. "भिंगरीचा हात धर."

आम्ही पाय दुखेपर्यंत फिरलो. सोमवारी त्याने साहेबांना विचारलं. शिकायला दोघांना घेतलं आणि त्यात त्याचं नाव आहे. पण शेवटी ठेवणार एकालाच. त्यामुळे घरात अजून चुळबुळ आहेच, झोपेचंही तसंच. फरक इतकाच, की आता तो जागा असला की मला हलवतो आणि दोघंही जागतो.

रविवारी मात्र कोणी घरात थांबत नाही. सतरा नंबर तीन रविवारांत संपला. आता बाबांनी जुन्या सोबत्याकडून त्याचा बावीस नंबर विचारून घेतलाय आणि पुढचं वळण भिंगरी ठरवते. खेळघराचं नाव ती अधूनमधून काढते, नाही असं नाही.

गेल्या रविवारी तिने आम्हाला एका बंद गल्लीत नेऊन उभं केलं. समोर भिंत. आजोबा म्हणतात डावीकडे वळायला हवं होतं, नात म्हणते उजवीकडे. दोघंही हट्टी. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "शुक्रवारी निकाल आहे." मी म्हटलं, "कोणाला तरी रस्ता विचारू या का?"

"थांब जरा," तो म्हणाला. "भांडू दे त्यांना."