थोरलीचे बूट

आमच्या गल्लीत दोन जावांचा गोंड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली, माळ्यावर सुताची रिळं आणि मागच्या अंगाला मालकांचं राहतं घर. पडदा बाजूला ओढून बांधायची जी दोरी असते, तिच्या टोकाला लोंबणारा झुबकेदार गोंडा इथे हातानं होतो. हातानं म्हणायची पद्धत, खरं तर तो पायानं होतो. दोरीचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं तळहातांत घोळवत पीळ भरत जायचं आणि पीळ पुरेसा झाला की दोरी मधोमध दुमडून सोडून द्यायची. ती आपणहून स्वतःभोवती वळून बसते आणि मग कितीही ओढा, सुटत नाही. पीळ पुरेसा कधी झाला, हे डोळ्यांना कळत नाही. अंगठ्याला कळतं.

या दोघींना सगळी गल्ली थोरली आणि धाकटी म्हणते. धंदा धाकटीच्या नावावर आहे आणि कला थोरलीच्या पायात. धाकटीच्या नवऱ्याला आम्ही होयबा म्हणतो, कारण प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं ‘हो’ येऊन पडलेलं असतं. त्याला उद्या कुणी विचारलं, मरतोस का, तर तो आधी हो म्हणेल आणि मग कपडे कुठले घालू ते विचारेल. माझं खोक्यांचं दुकान समोरच आहे. त्यांचा माल माझ्याच खोक्यांतून जातो, तेव्हा त्यांच्या भल्यात माझं भलं आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिवाय होयबाच्या पोटात काही राहत नाही. घरात जे घडतं ते संध्याकाळपर्यंत माझ्या गल्ल्यापाशी जमा होतं.

थोरली म्हणजे होयबाच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्याच वर्षी तिनं मागच्या खोलीत आपली वेगळी चूल मांडली. धाकटी तेव्हा पुष्कळ रडली. थोडी मायेनं आणि बाकीची लोक काय म्हणतील म्हणून. थोरलीनं तिला एवढंच सांगितलं होतं, की भाजीत मीठ कमी पडलं तर मला बोलता आलं पाहिजे, आणि दुसऱ्याच्या चुलीवर जेवणाऱ्या बाईला ते बोलता येत नाही. तेव्हापासून ती नगावर गोंडे करी, आपल्या पैशाचं आणी आणि आपलं मीठ आपण घाली. एकदा तिचा अंगठा पिकला आणि दोन महिने काम बंद पडलं, तेव्हा धाकटीनं रोज डबा पाठवला. थोरलीनं तो घेतला. बरी झाल्यावर तेवढ्या जेवणाचे गोंडे तिनं फुकट करून दिले आणि विषय मिटवला. धाकटी घेणार नव्हती. पण शेवटी घेतले.

मग सरहद्दीवरची जकात उठली. पलीकडचे यंत्रावर केलेले, डिंकानं चिकटवलेले गोंडे आमच्या सुताच्या भावात यायला लागले. पडद्यांचे दुकानदार, ज्यांच्या लग्नात धाकटीनं अहेर केले होते, ते रस्त्यात दिसले की समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचू लागले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. धाकटीच्या स्वतःच्या खिडकीला पलीकडचाच गोंडा लोंबतो. आपला परवडत नाही, असं ती मला म्हणाली आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ त्या गोंड्याकडे बघत राहिलो.

कारखान्याला टाळं लागायचं, ते लागलं नाही. कारण ज्या उघड्या दारानं तो स्वस्त माल आत आला त्याच दारानं पलीकडची एक मोठी कंपनीही आली. तिला हाताचेच गोंडे हवे होते आणि भाव चांगला होता. अट एकच, पण ती जाडजूड होती. घरी बसून कुणी काम करायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही, पाठ असलेली खुर्ची हवी. पायात बंद बूट हवेत. प्रत्येकीचं नाव हजेरीपटात हवं, पगार महिन्याचा महिन्याला बँकेत, आजारपणाची रजा भरपगारी, दुखापतीचा विमा आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. सरकारच्या व्यापार कार्यालयानं लहान धंद्यांना मदत म्हणून खुर्च्या, टेबलं आणि बूट यांचा निम्मा खर्च उचलला आणि तिथल्या साहेबानं धाकटीचा खुर्चीवर बसलेला फोटो काढून नेला. फोटोत ती अशी बसली आहे की कुणीतरी आता हिला उठवणार.

हजेरीपटात सहा बायकांची नावं लागली, शेवटचं एका नव्या पोरीचं आणि पहिलं थोरलीचं. त्या दिवशी ती ते बूट घालून बाजारात गेली. काळे, नाडीचे, तिच्या मापाचे. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातलेली बाई जशी चालते तशीच ती चालत होती, पाऊल उचलून, जणू वाटेत पाणी आहे. नाडीची गाठ तिनं गोंड्याची मारली होती, ती कुणाच्या बापाला सुटली नसती.

“आक्का, आता काय बाबा, थाट आहे,” मी म्हटलं.

“आता आजारी पडले तरी पगार चालू,” ती म्हणाली. “म्हणून तर मेलं आजारपणसुद्धा येत नाही.”

मला वाटतं पगारापेक्षा तिला ते नाव जास्त आवडलं होतं. होयबा सांगत होता, ती रोज सकाळी हजेरीपट उघडून सही करायच्या आधी आपलं नाव एकदा वाचते. थोरल्याची बायको, धाकटीची जाऊ, अमक्याची वहिनी अशा तिच्या ओळखी पुष्कळ होत्या. त्या पटात ती कुणाची कोण, असा रकानाच नव्हता.

अडचण अंगठ्याची होती. बुटात अंगठा गेला म्हणजे दोरी अडकवायची कुठं? धाकटीनं प्रत्येक टेबलाला लोखंडी आकडा ठोकून घेतला. कंपनीची तपासनीस बाई आली, तिनं खुर्च्या पाहिल्या, बूट पाहिले, आकडे पाहिले, दुभाष्याच्या तोंडून सगळ्यांची चौकशी केली आणि समाधानानं सही करून गेली. पंधरवड्यानं पहिला माल गेला आणि तसाच परत आला. त्याच कंपनीच्या दुसऱ्या खात्यानं शेरा मारला होता, पीळ सुटतो. सुटणारच. आकडा हू की चू करत नाही. दोरी ताणली तर अंगठा जरा पुढं येतो, सैल पडली तर मागं जातो. आकड्याला रबर बांधून पाहिलं, स्प्रिंग लावून पाहिली, होयबाला तर एकदा आकड्याच्या जागी हात धरून उभं केलं. त्यानं हो म्हणून दुपारभर धरलाही. उपयोग शून्य. एका खात्याला पाय झाकलेला हवा होता आणि दुसऱ्याला पायानं केलेला माल, आणि ती दोन्ही खाती एकाच इमारतीत राहून कधी एकत्र चहाला बसत नसावीत.

दुसरा माल वेळेत आणि चांगला गेला नाही तर करार रद्द होणार होता. करार गेला की सहाही बायकांचं काम जाणार आणि खुर्च्यांचे पैसे व्यापार कार्यालयाला परत करावे लागणार. धाकटी दोन दिवस परत आलेले गोंडे उलगडून पाहत बसली. तिसऱ्या दिवशी तिनं पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि म्हणाली, एवढा माल निघेपर्यंत बूट काढा, खाली बसा. बायका हसल्या. नव्या पोरीनं तर बूट असे भिरकावले की एक टेबलाखाली जाऊन पडला. थोरलीला मात्र वेळ लागला. तिनं गाठ सोडवली, बूट खुर्चीखाली टाच टाचेला लावून ठेवले आणि मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. दुपारपर्यंत खोलीत कितीतरी महिन्यांनी पूर्वीसारखा माल दिसायला लागला. मी त्या आनंदात खोकी घडी मोडून ठेवली.

तपासनीस बाई न कळवता पुन्हा येऊ शकते, हे कागदात लिहिलेलं होतं. कागदात लिहिलेलं सगळंच कोण वाचतं?

दार वाजलं तेव्हा बाकीच्या पाच जणी उठून खुर्च्यांवर गेल्या, बुटांत पाय गेले, जे आपले नव्हते त्यांतही गेले. थोरली तेवढी राहिली. तिच्या अंगठ्याला दोरी होती आणि पीळ भरत आला होता. त्या क्षणी सोडली असती तर सगळं सूत वाया गेलं असतं, आणि आयुष्यभर जे हात सूत वाया घालवायला शिकले नाहीत ते तेव्हा कसे शिकणार? होयबानं दार उघडलं. बाई आत आली, दुभाष्या मागोमाग आला. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं, पीळ पुरा केला, दोरी दुमडली आणि सोडली. ती वळून चोख बसली.

हे पुढचं मी दारातून पाहिलं. खोकी घेऊन मी त्यांच्या मागोमाग आलो होतो.

तपासनीस बाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ती थोरलीजवळ उकिडवी बसली आणि तिनं तो अंगठा पाहिला. त्याला वर्षानुवर्षांच्या दोरीनं पडलेली खोल खाच होती, नख अर्धं गेलेलं होतं. दुखतो का, असं तिनं दुभाष्याकरवी विचारलं. थोरली म्हणाली, हवा पालटली की. मग बाई उभी राहिली आणि दुभाष्यानं धाकटीला सांगितलं, की कामगार अनवाणी जमिनीवर सापडली आहे, तेव्हा आजपासून काम थांबेल, आणि बाईंना याचं वाईट वाटतंय. मला वाटतं तिला खरंच वाटत होतं. नियम त्या अंगठ्यासाठीच तर केला होता.

खुर्च्यांवरच्या पाच जणी आपापल्या बुटांकडे बघत होत्या.

थोरली खालूनच बोलली. “त्यांना सांग रे, मी इथं कामाला नाही. मी हिची जाऊ. घरची आहे.”

दुभाष्यानं सांगितलं. बाईनं कागद चाळले. लहान धंद्याला सवलत म्हणून त्यात एक कलम होतं, मालकाच्या घरची माणसं कामगार धरली जात नाहीत. ती कशी बसतात, काय घालतात, कुठं काम करतात, ते ज्याचं त्यानं पाहावं. घरची म्हणजे एका चुलीवर जेवणारी. हे कलम व्यापार कार्यालयानं पुष्कळ भांडून घालून घेतलं होतं. आमच्यासारख्यांना जगता यावं म्हणून.

“या तुमच्यातच जेवतात का?” दुभाष्यानं विचारलं. बाई होयबाकडे बघत होती.

मी होयबाच्या ‘हो’ची वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. तो आपल्या वहिनीकडे बघत उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही आलं नाही.

“हो,” धाकटी म्हणाली. “आमच्यातच. एकाच चुलीवर.”

“मग यांचं नाव पटात कसं?”

“चुकून लागलं.”

बाई थोरलीकडे बराच वेळ बघत राहिली. तिला कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तिनं दुभाष्याला काहीतरी हळू सांगितलं आणि तो थोरलीपाशी वाकून म्हणाला, “आक्का, त्या म्हणतात, तुम्ही कामगार असाल तर आत्ता सांगा. तुमचा हक्क तुम्हाला मिळवून देता येईल.”

“आणि यांचं काम?” थोरलीनं खुर्च्यांकडे मान केली.

दुभाष्यानं विचारलंसुद्धा नाही. त्याला उत्तर ठाऊक होतं.

“मग त्यांना सांग, त्या नव्या पोरीचे बूट तिला चावतात. एक माप मोठे द्या म्हणावं.”

बाईनं हजेरीपट मागून घेतला आणि पट्टी धरून पहिल्या नावावर सरळ रेघ ओढली.

माल वेळेत गेला आणि पसंत पडला. करार वाढला. आता पाच जणी बूट घालून खुर्च्यांवर बसतात, गोंड्याची झालर कापतात, बांधतात, विंचरतात. सगळा पीळ मागच्या खोलीत होतो, एका अंगठ्यावर. तिथं ना पट, ना रजा, ना विमा, आणि सगळं कायद्यात बसतं. व्यापार कार्यालयानं तो फोटो भिंतीवर लावला आहे.

बाई पुन्हा न कळवता येऊ शकते, हे आता धाकटीनं नीट वाचलं होतं. त्यामुळे थोरलीची चूल राहून चालणार नव्हतं. होयबानं ती उचलून माळ्यावर सुताच्या रिळांमागं ठेवली. त्या रात्रीचं त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना नेहमीसारखा हसला नाही.

धाकटीनं तिघांची ताटं केली. थोरली अनवाणी आली, भिंतीला टेकून बसली. धाकटी पोळी वाढताना खाली मान घालून म्हणाली, “आक्का, पगार मी देईन तुम्हाला. होता तेवढाच. हातात देईन.”

“घरच्या माणसाला कुठं पगार असतो, धाकटे?” थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “वाढ.”

धाकटीनं भाजी वाढली. पहिला घास घेतला आणि होयबाच्या लक्षात आलं, मीठ कमी आहे. धाकटीच्याही आलं असावं, कारण तिनं मिठाची वाटी उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. दोघंही थोरलीकडे बघत होते.

थोरली जेवत राहिली.