पाचवं फडकं

गाडी चालू होत नव्हती. ती मीच उघडली होती आणि मीच जोडली होती, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नव्हतं.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सव्वीस वर्षांची, टर्बोवाली. गॅरेजही त्यांचंच, आता मी चालवते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कितपत कळतंय, सांगता येत नाही." निदान डॉक्टर तेवढं तरी म्हणाले. बाकीच्यांनी कळत नाही असंच धरून टाकलं. रोज सकाळी मी त्यांची चाकाची खुर्ची गॅरेजमध्ये कामाच्या बाकाशी आणून लावायचे. दिवसभर मी बडबडायचे, ते बघत बसायचे. उत्तर आलं नाही की मी चिडायचे आणि मग चिडल्याचं वाईट वाटून आणखी चिडायचे. आप्पा मला लहानपणापासून 'ठिणगी' म्हणत, ते काही उगाच नाही.

बुधवारी मी टर्बो दुरुस्त करून परत बसवत होते. आप्पांना त्यांच्या गाडीतून एक चक्कर मारून आणायची, असं मी कधीचं कबूल केलं होतं. शेवटची नळी हातात होती तेवढ्यात मोठ्या भावाचा फोन आला. हात तेलाने माखलेले, म्हणून स्पीकर लावला.

"ठिणगे, मी रविवारी येतो," दादा म्हणाला. "आप्पांना घेऊन जातो. माझ्या घराजवळ चांगली जागा आहे, चोवीस तास नर्स असते. तिथे तेलाच्या वासात किती दिवस बसवून ठेवणार आहेस?"

"त्यांना इथे बरं वाटतं."

"अगं, त्यांना काही कळत नाही. एक गोष्ट दाखव, एकच, की ही त्यांना कळली. मी परत विषय काढणार नाही."

मी काय दाखवणार? कळतं असं मला वाटायचं, पण वाटणं काही कोणाच्या हातात ठेवता येत नाही. मी ओरडले, तोही ओरडला. ओरडता ओरडताच मी नळी बसवली, क्लिप आवळली आणि फोन बंद केला. मग किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

गुरुवारी मी पद्धतशीर मागे लागले. इतक्या जुन्या गाडीला कॉम्प्युटर लावला तर तो फारसं काही सांगत नाही. तिला एकेक प्रश्न आपणच विचारावा लागतो. प्लग काढून बघितले: ठिणगी निळीशार, ठणठणीत, पण प्लग पेट्रोलने चिंब भिजलेले. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढले, तपासले, लावले. पंपाचा दाब मोजला, बरोबर. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बदलला. हवेचा फिल्टर नवाकोरा होता. प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की तोच खोकला आणि तीच शांतता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

त्यात आप्पांनी नवंच सुरू केलं होतं. बाकाच्या खणात हिरवी फडकी असतात, ती ते डाव्या हाताने बाहेर काढायचे आणि बाकावर एकाशेजारी एक पसरायचे. चार फडकी. नीट, कडेला कड लावून. मग पुढच्या मोकळ्या जागेवर थाप मारायचे. थाप, थाप, थाप. त्यानंतर गाडीच्या दिशेने बोट करायचे. गाडीपाशी मीच उभी असायचे, तेव्हा मला वाटायचं, मलाच बोलावताहेत. मी जायचे, पाणी विचारायचे, पाय सरळ करून द्यायचे. ते मान हलवायचे आणि पुन्हा थाप.

शुक्रवारी माझा तोल गेला. "आप्पा, पुरे! डोकं उठवलंत!" म्हणून मी ती फडकी गोळा करून खणात कोंबली आणि खण जोरात बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा हलत नव्हता, दुसऱ्या अर्ध्यावरून पाणी ओघळत होतं. मी दहा मिनिटं संडासात जाऊन रडले. परत आले तर बाकावर चार फडकी पसरलेली.

शनिवारी कॉम्प्रेशन मोजलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती जोरात दाबतो ते. चारही कमी. चारही अगदी सारखेच कमी. हे मला खटकलं. इंजिन झिजतं तेव्हा एखादा सिलिंडर आधी जातो. चौघं एकदम हातात हात घालून म्हातारे होत नाहीत. पण मी दमले होते. इंजिनच संपलं असं स्वतःला सांगितलं, चाकाला एक लाथ घातली आणि अंगठा दुखवून घेतला.

रविवारी सकाळी दादा आला. आप्पांच्या कपड्यांची बॅग मीच भरून दाराशी ठेवली होती. दादाने ती बघितली, उघड्या बॉनेटकडेही बघितलं. वाईट माणूस नाहीच तो. त्याने बाहेर जाऊन हात धुतले, आप्पांच्या गळ्याशी घरंगळलेली शाल सारखी केली आणि मग बाकावरची फडकी बघितली.

"हे काय?"

"बुधवारपासून हेच चाललंय," मी म्हणाले.

आप्पांनी मोकळ्या जागेवर थाप मारली. दादाने सुस्कारा सोडला. "लहान मुलासारखं झालंय गं यांचं." आणि त्याने खिशातून आपला पांढराशुभ्र, घडी घातलेला रुमाल काढला, उलगडला आणि आप्पांच्या मनासारखं व्हावं म्हणून त्या मोकळ्या जागेवर अगदी मायेने पसरला.

आप्पांनी रुमाल उचलला आणि खाली फेकला. पुन्हा थाप.

"बघ," दादा हळूच म्हणाला.

मी बघत होते. रुमाल नको होता. जागा नुसती भरायची नव्हती. तिथे हिरवंच फडकं हवं होतं. चार होती आणि पाचवं हवं होतं.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मुठीएवढा, पण फिरतो असा की त्यात एक बारीक नट पडला तरी पाती गेली म्हणून समजा. म्हणून तो काढला की नळ्यांच्या उघड्या तोंडांत फडकी कोंबून ठेवायची. त्यासाठी आप्पांची वेगळी पाच फडकी होती: एका जुन्या हिरव्या पडद्याची, धागा सुटू नये म्हणून आईने चारही कडा दुमडून शिवलेली. मी काम शिकत होते तेव्हा त्यांचा नियम होता, काम संपलं की पाचही बाकावर ओळीने मांडायची, मोठ्याने मोजायची, आणि त्याआधी किल्लीला हात लावायचा नाही. मला हसू यायचं. पुढे मी नजरेनेच मोजायला लागले. आणि बुधवारी नजर जाग्यावर नव्हती.

"काय झालं?" दादाने विचारलं. मी क्लिप सैल केली, इंजिनाच्या तोंडाशी लागलेली जाड नळी ओढून काढली आणि आत दोन बोटं घातली. मऊ लागलं. ओढलं. हिरवं फडकं, पिळून गोळा झालेलं, हवेच्या ओढीने नळीच्या टोकाला घट्ट जाऊन बसलेलं. चार दिवस इंजिनाचं नाक मी दाबून धरलं होतं आणि वर विचारत होते, बाई गं, तुला झालंय तरी काय. हवाच नाही, तर पेट्रोल जास्त दिसणारच. हवाच नाही, तर चारही सिलिंडर दाबणार काय?

पण हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मी फडकं हातात धरून आप्पांकडे बघत राहिले. बुधवारचा तो फोन स्पीकरवर होता. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांना कुठे ठेवायचं यावर आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो. मी माझं भान घालवलं, दादाने त्याचं घालवलं. आणि ज्यांच्याबद्दल भांडण चाललं होतं ते तिथे बसून, न हलता, न बोलता, माझ्या हातांकडे बघत होते. किती फडकी आत गेली, किती बाहेर आली. दार उघडत नाही म्हणून घरात कोणी नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि आत माणूस अख्खा जागा होता. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं, त्याला मला शब्द नाही. लहानपणी आप्पांनी पहिल्यांदा बंद इंजिन माझ्यासमोर चालू केलं तेव्हा वाटलं होतं तसंच.

मी दादाला सांगितलं. सगळं, क्रमाने. तो खाली पडलेला रुमाल उचलायला वाकला होता, तो वाकलेलाच राहिला.

फडकं झटकून मी पाचव्या जागी ठेवलं. आप्पांनी ते थोडं सरकवून कडेला कड लावली. मी नळी जोडली, प्लग पुसले, आत बसले आणि किल्लीला हात घातला. बाकावर जोरात थाप पडली.

मला कळलं. उतरले, परत आले आणि बाकासमोर उभी राहून मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच."

आप्पांनी मान डोलावली. मग मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर टाकला, पुन्हा खोकलं आणि धरलं. अख्खं गॅरेज थरथरलं. मी पाय दाबला तशी आतून टर्बोची बारीक शीळ आली. आप्पांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले.

मी गाडी चालूच ठेवून उतरले. दादा त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला होता. आल्यापासून तो त्यांच्याबद्दल माझ्याशीच बोलला होता. आठ महिने आम्ही सगळे तेच करत आलो होतो.

"आप्पा," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलंच नाही मी. माझ्याबरोबर यायचंय, की इथेच राहायचंय तुम्हाला?"

आप्पांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डावा हात उचलला आणि बाकावर, फडक्यांच्या शेजारी, एकदाच थाप मारली.

दादा उठला, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत घरात ठेवायला गेला.