नको म्हटलेलं अस्तर

मी एक जुनं, पांढरं फिलिंग आहे. ज्या दातात मला भरलं, त्याच्यासकट आज दवाखान्याच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पडलो आहे. मित्रांनो, त्या दाताचा जीव माझ्यामुळे गेला.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मऊ लगदा होतो. निळ्या उजेडात धरलं की दगडासारखा घट्ट होतो, एवढाच काय तो माझा गुण. पण घट्ट झाल्यावरही माझ्यात थोडा कच्चा रस उरतो आणि दाताच्या आतल्या जिवंत गराला तो सोसत नाही. म्हणून खड्डा खोल असला, की आधी औषधाचा पातळ लेप देतात. मदतनीस ताई त्याला ‘अस्तर’ म्हणायच्या.

आमची बाई, म्हणजे त्या दाताची मालकीण, शिवणकाम करायची. कात्री हाताशी असली तरी दोरा दातानेच तोडायची! त्याच पुढच्या दाताला कीड लागली. डॉक्टर मॅडमचा नवा कोटही तिच्याकडेच शिवायला होता. दात कोरून झाला. मॅडम खिडकीशी एक्स-रे बघत होत्या. एरवी न विचारता लेप लावणाऱ्या ताईंनी नेमकं त्या दिवशी विचारलं, “मॅडम, अस्तर लावायचं ना?”

“नको हो, उगाच जाड होतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात कोट होता.

ताईंनी डबी मिटली. लेप लागलाच असेल असं धरून मॅडमनी मला भरलं.

दाताने मला लगेच आपलं मानलं. पण गार पाणी लागलं की तो कळवळायचा. मी त्याला आणखी घट्ट धरायचो आणि तेच त्याला भोवत होतं. एका सकाळी तो गप्प झाला. बाई हरखून सांगायला आली, “मॅडम, दुखायचं थांबलं बघा! तुमच्या हाताला गुण आहे.”

“किती छान बसलंय!” ताईंनी माझं कौतुक केलं. मेलेल्या सोबत्याच्या कुशीत बसून मी ते ऐकलं.

पुढे दात काळवंडला, हिरडी फुगली, खालचं हाड झिजलं. आज तो काढावा लागला; निघताना तुटला.

“अहो, पण दुखणं तर केव्हाच थांबलं होतं,” कापूस दाबून बाई म्हणाली.

मॅडमनी तुकडा भिंगाखाली धरला. “ताई, अस्तर कुठंय?”

“तुम्हीच नको म्हणालात.”

मॅडमनी अंगातल्या बिनअस्तराच्या कोटाकडे पाहिलं.

मित्रांनो, दाताला दुखण्याशिवाय दुसरी बोली नसते. तो अचानक गप्प झाला तर खूश होऊ नका, कारण विचारा. त्या सकाळी कुणी विचारलं असतं तर निदान दात तोंडात राहिला असता. मला नस नाही, तरी आज मला दुखतं आहे.