कोर्ट उठेपर्यंत
"साहेबांना खुर्ची आण," सरकारी वकील माझ्या कानाशी पुटपुटले. मी आणली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा मी शिपाई, सांगितलं की आणायची. पण आरोप आरोग्य खात्याच्या याच साहेबावर होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दवाखान्यातून काढलेल्या सिस्टरला परत कामावर घ्या, हा याच कोर्टाचा हुकूम त्याने दोन वर्षं धाब्यावर बसवला होता. म्हणून तिने अवमानाची याचिका केली होती. ती मागे भिंतीशी उभी. पायांत ड्युटीचे पांढरे बूट, पॉलिश केलेले. निकाल लागला की थेट वॉर्डात जाईन, असं सकाळी मला म्हणाली होती.

एका पेपरवाल्याने न्यायमूर्तींवर चार ओळी खरडल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सुनावणी लागली होती. हिला मात्र नुसत्या तारखा.

सरकारी वकिलांनी सकाळीच केलेलं प्रतिज्ञापत्र वर न्यायमूर्तींकडे सरकवलं. बाईंना कामावर बोलावलं होतं, त्याच आल्या नाहीत, असं त्यात होतं म्हणे. साहेबाने बसल्याबसल्या हात जोडले. सिस्टरच्या वकिलाला प्रत मिळालीच नव्हती. तो तसं सांगायला उठला, तोवर याचिका निकालात निघालीसुद्धा.

सिस्टर पुढे आली. "मला कुणी बोलावलं नाही, जज्जसाहेब. तो कागद वाचायला तरी द्या."

"आवाज खाली."

"दोन वर्षं खालीच होता."

झालं! हा कोर्टाचा अवमान ठरला. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत ताब्यात. नोटीस नाही, वकिलाला बोलू दिलं नाही, माफी मागता का एवढंही कुणी विचारलं नाही. हुकूम मोडणारा चहा प्यायला गेला आणि ते सांगणारी गुन्हेगार ठरली. वर मलाच सांगितलं, बाईंवर लक्ष ठेव.

साहेबाची खुर्ची रिकामीच होती. मी हळूच म्हणालो, "ताई, बसा."

"नको दादा. त्यांची ऊब असेल अजून."

नंतर तिने विचारलं, "म्हणजे आता कामावर नाहीच घेणार?"

मी पुढची प्रकरणं पुकारत राहिलो.

संध्याकाळी कोर्ट उठलं. सगळे उभे राहिले, माना लवल्या. ती तेवढी भिंतीला टेकत खाली फरशीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.