कर्णनादाची सुलट बाजू

उजवीकडचा खालचा कोपरा सकाळपासून रुसून बसला होता.

कोडेकाकांनी त्याला हर तऱ्हेनं समजावलं. खोडरबराचा चुरा टेबलावर साचला, चहावर साय धरली, तरी कोपरा काही ऐकेना. पहिलं अक्षर क, दुसरं र्ण. ‘कर्णधार’ किती डौलात बसला असता! पण शेवटचं अक्षर द हवं होतं, कारण तिथून आडवं ‘दप्तर’ सुरू होत होतं, आणि दप्तर हलवलं तर अर्धं कोडं कोसळत होतं.

रविवारच्या पुरवणीसाठी ते सव्वीस वर्षं गूढ शब्दकोडी रचत होते. गल्ली त्यांना कोडेकाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू. कोड्यावर नाव एकाचं असलं तरी काम दोघांचं होतं. मंगळवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी काका अलीकडे, काकू पलीकडे. काकू शिवणकाम करायच्या. काका संकेत वाचायचे आणि काकू काज करता करता उत्तर शोधायच्या. काज पुरं होता होता उत्तर आलं तर संकेत पास. आधीच आलं तर फार सोपा. दुसरं काज सुरू झालं तर काकू सुई खाली ठेवून म्हणायच्या, “तुमचं शहाणपण उतू चाललंय. पुसा.”

आणि गेला महिनाभर पलीकडची खुर्ची रिकामी होती.

“तुम्हीच बघा हो, मला काम पडलंय,” असं म्हणून काकू आतल्या खोलीत जायच्या आणि मशीन सुरू करायच्या. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे त्यांनी मागून मागून शिवायला आणले होते. मशीन थांबलं की नळ वाहायचा, नळ थांबला की रेडिओ लागायचा. त्यावर गाणी आहेत की बाजारभाव, याची त्यांना फिकीर नसायची. काकांना तर संकेत सुचायला शांतता लागायची. पिकलेलं पान गळावं तसा शब्द अलगद पडतो, पण आधी वारा पडावा लागतो.

काल त्यांचा तोल गेला. “या घराला पाच मिनिटं गप्प बसवत नाही का?”

“नाही बसवत,” असं म्हणून काकूंनी दार लोटून घेतलं.

तेव्हापासून एक विचार काकांच्या मनात खड्यासारखा टोचत होता. हिला आपला कंटाळा आला. कोड्याचा येईल, येवो बापडा. पण हिला आपल्या समोर बसवत नाही, आपल्याबरोबरची शांतता हिला नकोशी झाली, हे काही गिळवत नव्हतं.

फोन वाजला. पुरवणीची उपसंपादक होती. “काका, बारापर्यंत पान छपाईला सोडायचंय. एकाच संकेतासाठी थांबलेय.”

“मिळेल गं. कोपरा अडलाय.”

शेवटी त्यांनी वैद्यकीय शब्दांचा जाडजूड कोश काढला. ‘क’ची पानं उलटता उलटता बोट एका ठिकाणी थांबलं. कर्णनाद. चार अक्षरं, शेवटी द. कोपरा एकदम हसला.

पण शब्द अनोळखी होता, आणि काकांचा नेम ठरलेला होता. नेहमीच्या शब्दाला वाटेल तशी वळणं द्यावीत, परक्या शब्दाची वाट मात्र सरळ असावी. पाहुण्याला कुणी अंधारात जिना चढायला लावतं का? कोशातला अर्थ लांबलचक होता. त्यांनी तो घाईत अर्ध्यावर आणला आणि ओळ लिहिली. मग बराच वेळ कागद हातात धरून बसले. काकूंनी सोडवून पाहिल्याशिवाय एकही संकेत आजवर घराबाहेर पडला नव्हता.

अभिमान गिळून ते आतल्या खोलीच्या दाराशी गेले. मशीन धडधडत होतं.

“एकच आहे. ऐकतेस?”

“वाचा.” पाय थांबले नाहीत.

“जरा ते मशीन—”

“चालू राहू दे. मोठ्यांदा वाचा.”

काकांनी मशीनच्या वरताण आवाज चढवला. “दानशूराला लागलेलं वेड म्हणजे कानात होणारा आवाज! चार अक्षरं!”

चाकावरचा हात थबकला.

“दानशूर तो कर्ण,” काकू हळू म्हणाल्या. “वेड म्हणजे नाद. कर्णनाद.”

“अगं, पडद्याची कडसुद्धा पुरी झाली नाही तुझी!”

“उलट बाजू छान जमलीय.” कापड असो की कोडं, काकूंना दोन बाजू दिसायच्या. शब्द जुळवायची ती उलट, अर्थ सांगायची ती सुलट. “पण सुलट बाजू खोटी आहे.”

“खोटी? कोशात बघून लिहिलंय.”

“कोशवाल्याला काय माहीत? कानात आवाज होत नाही. आवाज नसतोच. नसतो, तरी ऐकू येतो. सगळं निजलं, सगळं थांबलं, की तेव्हाच जास्त येतो. एकच रातकिडा, न दमणारा. ऊन नाही, सावली नाही, त्याला पाणी नाही, दाणा नाही, तरी...” त्या एकदम थांबल्या. बोलता बोलता दार उघडं पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

काका चौकटीला टेकले. “कधीपासून?”

“महिना झाला.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? माझी आत्या भिंतीशी बोलायची, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिचीही सुरुवात कानापासूनच झाली म्हणायचे. आधी कानात वाजायचं, मग कुणीतरी हाका मारायला लागलं. मला वाटलं, आता माझी पाळी.” त्यांनी पडद्याची कड उगाच सरळ केली. “तुमच्यासमोर बसले की तुम्ही गप्प, खोली गप्प. मग ते इतकं चढायचं, की तुमचा शब्दच ऐकू यायचा नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाईचं लक्ष उडालं.”

“मला वाटलं, माझा कंटाळा आला.”

“तो तर लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आला,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काका बाहेर गेले आणि कोश दोन्ही हातांवर तोलत घेऊन आले. पडद्यांच्या ढिगावर तो उघडा ठेवला. “मीच चोरी केली. अर्धा अर्थ कापला. वाच, पुरा वाच.”

काकूंनी चष्मा लावला. बोट ओळीवर ठेवून एकेक अक्षर चाचपत वाचलं. बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात ध्वनीची जाणीव होणे. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

“हे छापलंय?”

“छापलंय.”

“म्हणजे माझ्याआधी कुणाला तरी झालंय.”

“एखाद्याला नाही गं. इतक्या जणांना झालंय, की त्याला शब्द करावा लागला.”

काकू बराच वेळ त्या चार अक्षरांकडे पाहत राहिल्या. परक्या गावात आपल्या माहेरचं कुणी भेटावं, तशा.

“संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ,” काका म्हणाले. “दोघंही.”

“तुमच्या कानाला काय झालंय?”

“महिनाभर घरात काय चाललंय ते ऐकू आलं नाही. दाखवायला नको?”

फोन पुन्हा वाजला. “काका, बारा वाजले!”

“लिहून घे. दानशूराला लागलेलं वेड ज्याचं त्यालाच ऐकू येतं.”

“थोडं लांब होतंय. ‘कानातला आवाज’ करू का?”

“नाही,” काका म्हणाले. “एक अक्षरही कापायचं नाही. जागा नसेल तर माझं नाव काढ.”

आत आले तेव्हा काकू तशाच बसून होत्या. नळ बंद, रेडिओ बंद, मशीन बंद. दुपार भांड्यातल्या पाण्यासारखी निश्चल होती.

“आता वाजतंय?”

काकूंनी मान डोलावली.

काका गुडघे धरत खाली बसले. पांढऱ्या बटा हातानं बाजूला सारून त्यांनी आपला कान काकूंच्या कानाला लावला आणि श्वास रोखून ऐकलं.

“आलं काही ऐकू?” काकूंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काय? तू सांग. कसं वाजतंय, बारीक की जाड? मी ऐकतोय.”

“बारीक,” काकू म्हणाल्या. “तारेसारखं. मधेच एकदा...” आणि त्या सांगू लागल्या.