दादाचा दुसरा स्कॅन

कर्करोगाचे स्कॅन काढण्यात तिच्या नोकरीची अर्धी वर्षं गेली होती, पण त्या मशीनवर एक दिवस दादाला झोपवावं लागेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दादा तिचा थोरला भाऊ, लोकांना गाडी चालवायला शिकवणारा. आईबाबांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं होतं.

पहिल्या स्कॅनमध्ये त्याच्या मानेतल्या आणि छातीतल्या गाठी दिव्यांसारख्या पेटलेल्या दिसल्या होत्या. औषध लागू पडलं असेल, तर यावेळी त्या विझलेल्या दिसायला हव्या होत्या. केमोने त्याचे केस नेले, अंग उतरवलं, पण तोंड काही बंद झालं नव्हतं.

"हलू नकोस हं, दादा."

"शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जन्म गेला माझा. न हलता देवाचा धावा कसा करायचा, हे तू मला शिकवणार?"

काचेपलीकडे ती हसली. मग पडद्यावर चित्र उमटलं. मानेतल्या गाठी तशाच, छातीतल्या वाढलेल्या, आणि मणक्यात नवे ठिपके. दुसऱ्या कुणाचं असावं म्हणून तिने वरचं नाव पुन्हा वाचलं. दादाचंच होतं.

डोळे पुसून ती आत गेली आणि खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली.

"काय गं, विझले का दिवे?"

"डॉक्टर बघून सांगतील."

"सगळ्यांना हेच सांगतेस?"

"हो."

"आणि सगळ्यांच्या नाड्याही बांधतेस?"

तिला मान वर करवेना. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या वहिनीला आज काही बोलू नकोस. कित्येक दिवसांनी धड जेवली आहे ती."

बाहेर वहिनी उभीच होती. "काय म्हणतोय स्कॅन?"

"फोटो झकास आलाय म्हणे," दादा म्हणाला, "नाकीडोळी नीटस!" वहिनी खळखळून हसली. तिलाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खरं सांगितलं. औषध बदललं, तेही लागू पडलं नाही. थंडी सरायच्या आत दादा गेला.

पुढे एका दुपारी वहिनीने विचारलं, "तुला स्कॅनच्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हो, वहिनी."

"त्या संध्याकाळी मी भांडले गं त्यांच्याशी. खिडकी उघडी टाकली म्हणून. नाही नाही ते बोलले. माहीत असतं, तर नसते भांडले."

ती वहिनीजवळ सरकून बसली.