पिस्टनची माया

केजच्या बसस्थानकामागे मन्मथअप्पांचं गॅरेज आहे. मंगळवारी दुपारी तिथं एका पिकअपमधून तीनचाकी गाडी उतरवण्यात आली. पुढून पाहिली तर ती अपंगांना मिळते तशी सायकल होती. मागून पाहिली तर स्कूटी. हे लग्न अप्पांनीच लावून दिलेलं. भंगारात निघालेल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटीचं इंजिन त्यांनी उचललं, सिलिंडर लेथवर नेऊन एक साइझ वाढवून घेतला, त्यात नवा पिस्टन बसवला आणि चेन उजव्या मागच्या चाकाला दिली. गुढीपाडव्याला गाडी रस्त्यावर आली, ती आज सकाळपर्यंत एकदाही बंद पडली नव्हती.

गाडी राजनंदिनीची. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली तिचा पाय सापडला. पाय राहिला, पण तो वजन घेत नाही. तहसीलच्या रस्त्यावर तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. गाडी येण्याआधी ती गावाहून जीपने यायची. जीप भरली की शेवटी तिला घेत. कुबडी एकाच्या हातात, तिचा दंड दुसऱ्याच्या हातात, आणि आत कोंबून बसलेले सगळे बघत राहायचे. त्यातलाच कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणायचा. दंड धरणाऱ्याचा तिला राग नव्हता. त्या सावकाशचा होता.

सकाळी ती मांजरसुंब्याला निघाली होती. एका लग्नघरचे ब्लाऊज पोचवायचे होते. एवढ्या लांब ती गाडी घेऊन पहिल्यांदाच जात होती. शेवटच्या चढावर इंजिनाचा आवाज बारीक झाला, ओढ गेली आणि गाडी रस्त्यात थांबली. थांबली आणि मागे सरकू लागली. मागचा उसाचा ट्रक हॉर्न दाबत बाजूने निघून गेला. राजनंदिनीने गाडी सरकता सरकताच कडेला वळवली आणि हँडब्रेक ओढला. इंजिनाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापलं होतं. त्यावरचं रेक्झिनचं कव्हर तिने चिमटीत धरून काढलं, निवल्यावर घडी करून ब्लाऊजच्या पिशवीत खुपसलं आणि थोरल्या भावाला, अंगदला फोन लावला.

अंगद पिकअप घेऊन आला. त्याने आधी चढ बघितला, मग ट्रकच्या टायरांच्या खुणा बघितल्या, मग गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"अप्पाला इंजिन उघडू दे," तो म्हणाला. "गाडीची चूक निघाली तर दुरुस्त करून घेऊ. तुझी निघाली तर चावी माझ्यापाशी. पुन्हा तो विषय न्हाई."

"कबूल," राजनंदिनी म्हणाली. तिला खात्री होती म्हणून ती इतक्या लवकर म्हणाली.

गॅरेजमध्ये अप्पांनी किक मारून पाहिली. किक हलली नाही.

"जाम हाय," ते म्हणाले. कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामाने निम्मे उतरले होते. "पेट्रोलमधी तेल टाकलतं का, नंदा?"

"टाकलतं की. पंपावर समोर उभी राहून टाकून घेते."

"बायका इसरतेत," अंगद म्हणाला.

"आन् माणसं? मागच्या साली तुझा ट्रॅक्टर नांगर टाकून बांधावर कशापायी उभा व्हता, दादा? डिझेल कुणी इसरलतं?"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी टाकीतलं पेट्रोल पांढऱ्या बाटलीत उतरवून उजेडात धरलं. निळसर रंग होता. थेंबभर बोटांत चोळलं, बोटं चोपडी झाली. तेल होतं, आणि हवं तेवढं होतं.

मग प्लग काढला. नीट चालणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असतं. हे भाजलेल्या चुन्यासारखं पांढरं होतं.

"लई तापलं," अप्पा म्हणाले. "एक तर पेट्रोल कमी पडलं, न्हाईतर वारं कुठून तरी आत घुसलं."

दोन्ही शक्यता त्यांनी लगेच तपासल्या. कार्ब्युरेटर उघडला; बारीक भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता, कचरा नव्हता. इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधलं पॅकिंग अखंड होतं. अंगद मागे हात बांधून उभा होता. राजनंदिनी स्टुलावर बसून होती, पिशवी मांडीवर.

हेड निघालं. सिलिंडर सुटायला वेळ लागला. लाकडी ठोकळा, हातोडी, रॉकेल आणि अप्पांच्या चार शिव्या, इतकं लागलं. शेवटी पिस्टन फडक्यावर आला. अप्पांनी तो गोल फिरवला. त्यावर ओरखडे होते, पण एकाच अंगाला नव्हते. चार जागी चार पट्टे, समोरासमोर.

"ह्ये बघ," त्यांनी अंगदला जवळ बोलावलं. "तेल नसतं तर खालची बेरिंग कोरडी पडली असती. बेरिंग चोपडी हाय. म्हंजे तेलाचं काई न्हाई. पिस्टन तापून फुगला आन् चारी अंगानं घासला. फुगायला जागा पुरली न्हाई."

"जागा कुणी ठिवायची असती?"

अप्पांनी फडक्याला हात पुसले. "मी. लेथवाल्याला मापं मीच दिलती. पिस्टनला माया लागती. ती कमी पडली म्हणायची."

माया हा शब्द राजनंदिनीच्या रोजच्या वापरातला. शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. बाई अंगाने भरली तर उसवायला ती उपयोगी पडते. लोखंडालाही ती लागते हे तिला माहीत नव्हतं.

"मोजून बघा की," अंगद म्हणाला.

"आता काय मोजू? सगळं खरवडून निघालंय. माप लागायचं न्हाई."

"म्हंजे अप्पा, चूक तुमची?"

"माझी धर. पिस्टन बदलून देतो."

अप्पा एवढं सरळ बोलतील असं अंगदला वाटलं नसावं. मग त्याने खिशातून चावी काढून बाकड्यावर, पिस्टनच्या शेजारी ठेवली. ठरल्याप्रमाणे ठेवली, चेहरा मात्र पटल्यासारखा नव्हता.

चावी राजनंदिनीच्या हाताच्या अंतरावर होती. तिने हात पुढे केला नाही. तिला अप्पांचं म्हणणं पटत नव्हतं. घट्ट शिवलेल्या ब्लाऊजची तक्रार पहिल्या दिवशीच येते, घालून जुना झाल्यावर येत नाही. माया कमी असती तर पिस्टन पाडव्यालाच अडकला असता. चैत्र-वैशाखाच्या उन्हात अडकला असता. तेव्हा गाडी चालली आणि आता थंडीत जाम झाली. मधल्या काळात काय बदललं?

बदललं ते तिच्या मांडीवर होतं.

खंडेनवमीला तिने शिलाई मशीन पुजलं होतं, तसं या इंजिनालाही हळद-कुंकू वाहिलं होतं. मशीनला दरवर्षी नवं कव्हर मिळतं. त्याच रेक्झिनमधून तिने यंदा इंजिनालाही कव्हर शिवलं. टेपने माप घेतलं, कोपऱ्यांना चिमटे घेतले, खाली टिचबटणं लावली. ओढणी अडकायला नको, दुसऱ्याच्या कापडावर धूळ उडायला नको, म्हणून ते चालवतानाही घातलेलंच असायचं. गाव ते केज एवढ्या अंतरात काही कळलं नाही. आज पहिल्यांदा लांबचा रस्ता लागला आणि पुढं चढ.

अप्पांनी हे कव्हर कधी पाहिलेलं नव्हतं. अंगद पोचला तेव्हा ते पिशवीत गेलेलं होतं. गप्प बसलं तर चावी तिची होती. अप्पा यावेळी माया वाढवून ठेवतील, ती कव्हर परत घालील, किंवा न घालता काढून टाकील आणि कुणालाच काही कळणार नाही. पण मग हे कव्हरामुळेच झालं की आणखी कशामुळे, हे तिलाही कळणार नव्हतं. पुढच्या चढावर ती कानात जीव आणून इंजिन ऐकत बसणार होती. आणि अप्पांनी लेथवर चुकीचं माप दिलं, हे केजभर होणार होतं.

"अप्पा, माया तुमची बरुबर हाय," ती म्हणाली आणि पिशवी उघडली.

अप्पांनी कव्हर बाकड्यावर उलटं पसरलं. आतून एका जागी रेक्झिन वितळून गुळगुळीत झालं होतं. त्यावर गोल जाळीचा ठसा उमटला होता. इंजिनाच्या अंगाला पंखा असतो. तो जिथून वारं ओढतो, तिथली जाळी.

"ह्ये चालवतानाबी असायचं?"

"बटणं लावून."

"पंख्याच्या तोंडावर?"

"मला वाटलं, धूळ जाती आत."

अप्पांनी कव्हराचे चिमटे बोटाने चाचपले. "फिटिंग मातर झकास हाय. कुटं केसबी शिरायचा न्हाई."

"लेडीज टेलर हाय मी, अप्पा. ढगळ शिवलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतंय."

"गिऱ्हाईक बोंबलतंय तरी. इंजिन बिचारं गप जाम व्हतंय."

अंगदने दोघांकडे पाहिलं आणि बाकड्यावरची चावी उचलली. "ठरलं व्हतं," तो म्हणाला.

"ठरलं व्हतं," राजनंदिनी म्हणाली.

नवा पिस्टन बीडहून यायला आठवडा लागला. तेवढे दिवस ती जीपने आली-गेली. दंड धरणारा निराळा होता. सावकाश तेच होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिने दुसरं कव्हर कापलं.

गाडी जुळून तयार झाली तेव्हा अप्पांनी अंगदला फोन केला. "चावी घिऊन ये बाबा. चालू कशी करू, मंत्र म्हणून?"

अंगद आला. राजनंदिनी आधीच येऊन बसली होती. अप्पांनी त्याला सांगितलं की पिस्टनची माया पहिल्याएवढीच ठेवलीय, केसभरही वाढवलेली नाही. अंगदने गाडीवर बसून इंजिन चालू केलं. राजनंदिनीने पिशवीतून अस्तराची एक चिंधी काढून त्याच्या हातात दिली.

"जुनं कव्हर घालते. जाळीपुढं धर."

तिने कव्हर चढवलं, त्याने मागे वळून धरली. चिंधी नुसती लोंबकळत राहिली. तिने जुनं कव्हर ओढून काढलं आणि नवं चढवलं. हे सैल होतं, आणि पंख्याच्या जागी तिने रेक्झिन गोल कापून तारेची जाळी शिवून घेतली होती. अंगदने पुन्हा चिंधी धरली. ती त्याच्या बोटांतून सुटली आणि जाळीला जाऊन चिकटली. त्याने ती ओढून काढली, परत धरली. परत चिकटली.

"आणखी काई निघालं तर मग?" त्याने विचारलं. "पुढं कधी?"

"निघंल की. यंत्र हाय."

"तवा?"

"तवाबी सांगीन. ह्या बारीला कुणी सांगितलं तुला?"

अंगदने चिंधी तिसऱ्यांदा जाळीपुढे धरली, सोडून दिली आणि गाडीवरून उतरला. इंजिन चालूच होतं. चावी त्याने काढली नाही.

राजनंदिनीने कुबडी मागच्या कडीत अडकवली आणि बसली.

"पिस्टन नवा हाय," अप्पा म्हणाले. "सुरवातीला जरा साव…"

"दमानं म्हणा, अप्पा," ती म्हणाली आणि गाडी गल्लीबाहेर काढली.